जावयाची पक्कड

उमरटोलीत शेताला तारेचं कुंपण घालायचं असलं की लोक दोन नावं एका दमात घेत. "जागेसर-भय्याजीले सांग," एवढंच. दोघांची घरं एकाच गल्लीत, मध्ये दोन उंबरे सोडून. कोणाच्याही दारात निरोप ठेवला तरी तो दुसऱ्याला पोहोचत असे. आता जागेश्वर डोंगरवारला एकट्यालाच विचारावं लागतं आणि तो बहुतेकदा नाही म्हणतो.

साकोलीहून नागझिऱ्याच्या बाजूला निघालं की मुख्य रस्ता सोडून आत हे गाव आहे. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मधल्या सगळ्या जमिनीत धान. धानाला लोंब्या धरल्या की रानडुकरं येतात. पूर्वी लोक काट्यांच्या फांद्या रचत. मग काटेरी तार आली आणि तिच्यासोबत ती नीट ताणून बांधणाऱ्यांची गरज आली. जागेश्वर आणि भय्याजी लांजेवार तेव्हा जवान होते. दोघांनी मिळून साकोलीच्या बाजारातून सामान घेतलं आणि कामाला लागले.

सामान घेतल्याच्या दिवशीच भय्याजीनं एक व्यवस्था घालून दिली. त्याआधी गावात विहिरी बांधणारी एक जोडी होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याला न सांगता बाहेरगावचं काम घेतलं आणि दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं. ते भय्याजीच्या डोळ्यांपुढं होतं. तो जागेश्वरला म्हणाला, "अर्धं सामान तुह्या घरी, अर्धं माह्या घरी. मंग कोनाले टाकून जातो म्हनलं तरी कायनं जाशीन?"

सब्बल म्हणजे खड्डे खोदायची जाड पहार, फावडं, ओळंबा आणि तार ताणायची चरखी जागेश्वरकडे राहिली. पक्कड, लांब दांड्याची तार कापायची कातर, हातोडी आणि पाने भय्याजीच्या घरी. खांब उभे करायचे तर जागेश्वर पाहिजे, तार कापून बांधायची तर भय्याजी. दसऱ्याला हत्यारांची पूजा असते तेव्हा दोन्ही अर्धी एकत्र येत. एका वर्षी जागेश्वरच्या ओसरीत, दुसऱ्या वर्षी भय्याजीच्या. सत्यभामाबाई, म्हणजे जागेश्वरची बायको, आणि भय्याजीची रुखमा मिळून हत्यारं धूत, पुसत, तेल लावत. कोणतं कोणाचं याची चर्चा त्या दिवशी होत नसे.

कामाची पद्धतही दोघांवाचून चालणारी नव्हती. जागेश्वर कोपऱ्याच्या खांबाशी बसून चरखी फिरवायचा. भय्याजी तारेच्या कडेनं चालत जायचा आणि पक्कडीच्या पाठीनं ती ठोकून ऐकायचा. ढिली तार मुकी असते. जास्त ताणलेली बारीक किरकिरते आणि उन्हाळ्यात नाही तरी थंडीत तुटते. या दोहोंच्या मधला आवाज आला की भय्याजी ओरडायचा.

"आन गा… आन… थोडकी… बस!"

'बस' आणि गाठ एकाच वेळी पडायची. जागेश्वर हात सोडायच्या आधी तार खांबाला बांधलेली असायची. त्यांच्या कुंपणाचं नाव होतं ते या एका क्षणामुळं. भय्याजीची गाठ दोन वेढ्यांची, शेपूट आत वळवलेली. गुराच्या अंगाला लागू नये म्हणून. त्याच्या कातरीनं कापलेलं टोक गुळगुळीत असे.

मग झटका मशीन आली. बॅटरी, एक साधी तार आणि हलकासा विजेचा झटका. डुक्कर पुन्हा फिरकत नाही. ज्याला जमेल त्यानं ती घेतली. काटेरी तारेची मोठी कामं कमी झाली आणि उरली ती डागडुजी. झाड पडून तुटलेली एक बाजू, वाकलेला एखादा खांब. दोन माणसांनी दिवसभर करावं इतकं ते नसायचं. तरी दोघंही जायचे. एक काम करी आणि दुसरा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बोलत राही. शेतकरी कुरकुरत. मजुरी मात्र दोघांत वाटली जाई.

जागेश्वरची मुलगी नागपूरला दिलेली आहे. जावई मनिष तिथं मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला आहे. एका दिवाळीला त्यानं सासऱ्यासाठी घडीची पक्कड आणली. बंद केली की मुठीत मावेल एवढी. उघडली की पक्कड, तिच्या मुळाशी तार कापायची धार, दांड्यांच्या आत चाकू, कानस, छोटी करवत, दोन प्रकारचे पेचकस आणि आणखी काही पाती, ज्यांचा उपयोग मनिषलाही सांगता आला नाही.

"मामाजी, आता ते ओझं घेऊन फिरायची गरज नाही," मनिष म्हणाला. "ही एकटी सगळं करते."

"आन सब्बल कुठी हाये यात?" सत्यभामाबाईनं विचारलं.

सगळे हसले. जागेश्वरनं पक्कड कमरेच्या पट्ट्याला अडकवली. गावात तिचं नाव 'जवायाची पक्कड' पडलं.

ती खोटी वस्तू नव्हती, हे सांगितलं पाहिजे. फवारणीच्या पंपाचं तोंड अडकलं, झटका मशीनच्या बॅटरीचा स्क्रू ढिला झाला, बैलाच्या खुरात काटा गेला, खताच्या पोत्याची शिवण उसवायची झाली, तर घरी जाऊन काही आणावं लागत नसे. धुऱ्यावर उभ्या माणसाला एवढं पुरतं. कुंपणाला मात्र ती जेमतेम पुरायची. दांडे आखूड, त्यामुळं जोर मनगटावर येई. पीळ देताना दांड्यांच्या कडा तळहातात रुतत. जाड तार एका दाबात तुटत नसे. दोन-तीनदा चावावी लागे आणि टोक कुरतडल्यासारखं राही. कुंपणाची तार बांधायला कुंपणाची पक्कडच लागते, हे जागेश्वरला माहीत होतं. पण जेमतेम का होईना, पुरायची. अजिबात पुरली नसती तर पुढचं घडलं नसतं.

जागेश्वरला हवी तेव्हा साधी पक्कड विकत मिळत होती. साकोलीच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ती टांगलेली असते. एवढ्या वर्षांत त्यानं ती घेतली नाही. घेतली असती तर त्याचा अर्थ भय्याजीला, दोघांच्या बायकांना आणि सगळ्या गल्लीला कळला असता. ही त्यानं घेतलेली नव्हती, जावयानं दिलेली होती. जावयाचं दिलेलं परत करता येत नाही. व्यवस्थेत एवढी एक फट होती आणि ती त्याच्या कमरेला लटकत होती.

पुढच्या उन्हाळ्यात भय्याजी आणि रुखमा तिच्या माहेरी तेरवीला गेले. तिचं माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी. आता माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. जायला-यायला आणि भेटीगाठींना दिवस लागतात. त्याच सुमारास गावातल्या खेमराजच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, वादळानं बाभूळ पडली आणि कुंपणाची एक बाजू झोपली. खेमराजची भाजी होती आत. तो दारात येऊन उभा राहिला.

"भय्याजी नाई, मंग होत नाई म्हनतेस का गा?"

"त्याचं सामान त्याच्या घरी हाये."

"हे काय लटकवलं मंग कमरेले? नवरीचा कमरपट्टा?"

जागेश्वर गेला. चरखी फिरवून तिच्या दांड्यात लाकूड अडकवलं, उठून दुसऱ्या टोकाला गेला आणि तार बांधली. लाकूड थोडं सरकलं, तारेचा ताण थोडा गेला. त्यानं तार हातानं दाबून पाहिली. भाजीपुरती ठीक होती. मजुरी पूर्ण मिळाली.

भय्याजी परत आल्यावर जागेश्वरनं ही गोष्ट सांगितली नाही. लपवलीही नाही, बोलण्यात आली नाही, एवढंच. भय्याजी काही दिवसांनी खेमराजच्या धुऱ्यावरून चालला होता. जाता जाता त्यानं सवयीनं तारेवर टिचकी मारली आणि थांबला. मग वाकून तोडलेलं टोक पाहिलं.

संध्याकाळी तो जागेश्वरच्या ओसरीत आला.

"माही पक्कड नेली होती का गा?"

"नाई."

"मंग खेमराजची तार कायनं बांधली? दातानं?"

जागेश्वरनं कमरेची पक्कड काढून दिली. "जवायानं देल्ली. नाई कसं म्हनाव?"

भय्याजीनं एकेक पातं उघडलं, नखानं धार पाहिली, परत मिटलं. करवत उघडली, पेचकस उघडला. बराच वेळ लागला. सत्यभामाबाई चहा घेऊन आली तरी त्याचं चाललंच होतं.

"सगरंच हाये यात," तो म्हणाला. "मानूस बी हाये का एखादा?"

जागेश्वर मोठ्यानं हसला. सत्यभामाबाईला आठवतं की भय्याजीही हसला होता. चहा पिऊन तो गेला. जागेश्वरनं ती थट्टा मानली. आता तो म्हणतो, "तो इचारून राहिला होता. मी हासलो."

त्यानंतर जागेश्वर लहान कामं एकटाच करू लागला. मोठ्या कामाला भय्याजीला हाक जायची, पण मोठी कामं आता फारशी नव्हतीच. भय्याजी सकाळी दारात बसलेला असे. जागेश्वर समोरून जाई तेव्हा कमरेला पक्कड आणि खांद्यावर चरखी असे. "कुठी निंगाला गा?" असं भय्याजी आधी विचारायचा. मग विचारेनासा झाला.

त्या वर्षी दसऱ्याची पाळी भय्याजीच्या घराची होती. सत्यभामाबाईनं सकाळीच सब्बल, फावडं, चरखी धुऊन ठेवली. न्यायची तयारी झाली होती. तेवढ्यात रुखमा स्वतःच आली. डोक्यावर कापडी थैली. ती तिनं ओसरीत उतरवली. आत पक्कड, कातर, हातोडी, पाने. सगळं धुतलेलं, तेल लावलेलं.

"त्याईनं सांगतलं," रुखमा म्हणाली. "पूजा एकाच घरी होऊ द्या. पुढंही इथीच राहू द्या म्हनते."

"तो कुठी हाये?" जागेश्वरनं विचारलं.

"वरठीले. काल गेले. भाच्यानं गोदामावर चौकीदारी पाह्यली होती. लय दिवसाचं म्हनून राहिले होते, आता गेले."

"मले नाई बोलला."

रुखमानं त्याच्याकडे पाहिलं. "तुमी काय काय बोलले होते, जागेसरभाऊ?"

ती पूजेला थांबली नाही. सत्यभामाबाईनं कुंकू लावलं तेव्हा सगळी हत्यारं पहिल्यांदा एकाच घरची झाली होती. जागेश्वरकडे आता काहीच कमी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात शोभाताईचं काम आलं. शोभाताईचा नवरा वारला आहे. जंगलाला लागून असलेली जमीन ती स्वतः करते. तिची झटका मशीन सारखी बंद पडायची, म्हणून तिनं चारी बाजूंनी काटेरी तार करायचं ठरवलं. गावात कितीतरी दिवसांनी निघालेलं पूर्ण कुंपण. जागेश्वरनं ते घेतलं. हाताखाली रोजंदारीचा एक गडी, योगेंद्र. धडधाकट, कामाला वाईट नाही. भय्याजीची पक्कड आता जागेश्वरनं योगेंद्रच्या हातात दिली.

चरखीवर बसल्यावर जागेश्वर वाट पाहत राहिला. पलीकडून आवाज नाही.

"बोल ना गा!"

"काय बोलू काका?"

"तार ठोकून पाह्य. बरी वाटली तं बस म्हन."

योगेंद्रनं ठोकली. "बस!" म्हणाला आणि मग बांधायला वाकला. तो वाकेपर्यंत जागेश्वरच्या मनगटातून ताण सुटला होता. दुसऱ्या खेपेला योगेंद्र उशिरा ओरडला आणि तार तुटून झुडपात गेली. जागेश्वरनं त्याला शिव्या घातल्या. योगेंद्रनं झुडपातून तार ओढून आणली. कोणता आवाज ऐकायचा हे जागेश्वरलाही सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं ते ऐकणं त्याच्या वाट्याचं नव्हतं. हत्यार बरोबर होतं, तार नवीन होती, खांब ओळंब्यात होते. खालची तार मात्र जंगलाच्या बाजूला हातभर दाबली जात होती. जागेश्वरनं ते पाहिलं आणि काम संपवलं. पैसे घेतले.

धान पिवळं पडू लागलं तेव्हा डुकरं त्याच बाजूनं आली. खालची तार नाकानं उचलली आणि आत शिरली. जंगलाकडची एक बांधी लोळवली गेली. सकाळी शोभाताईनं जागेश्वरला नेऊन दाखवलं. ती भांडली नाही. मोडलेल्या धानात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी तुमाले दोघं समजून काम देल्लं होतं, भाऊ."

जागेश्वरनं ती बाजू पुन्हा फुकट बांधून दिली. पुन्हा तशीच झाली. त्यानं त्या तारेपुढं आणखी एक तार घातली, मग डुकरं थांबली.

दसऱ्याच्या काही दिवस आधी तो वरठीला गेला. साकोलीहून भंडाऱ्याची बस, तिथून दुसरी. बरोबर भय्याजीची थैली घेतली होती. बसमध्ये ती पायाशी ठेवली तर कंडक्टर म्हणाला, "काका, मिस्त्री का?" जागेश्वरनं मान हलवली.

गोदाम रेल्वे स्टेशनच्या अंगाला होतं. शेजारच्या कारखान्याची पाळी सुटली होती. रस्त्यावर मोटारसायकली आणि सायकली. फाटकाशी खुर्चीवर भय्याजी बसला होता, निळ्या शर्टात. तो उठला, थैलीकडे पाहिलं आणि आधी जागेश्वरला बसायला खुर्ची दिली.

"सत्यभामा बरी हाये ना?"

"हाये."

"रुखमाले पैसे पाठवतो मी. भेटते का तिले?"

"भेटत असन."

चहा आला. भय्याजीनं शोभाताईच्या बांधीबद्दल विचारलं नाही, पण त्याला सगळं माहीत होतं. रुखमा फोनवर सांगत असणार. जागेश्वरच म्हणाला, "तार ढिली राह्यली."

"कोन ठोकत होता?"

"योगेंद्र."

"त्याचे कान बरे हायेत. शिकन."

"मले शिकवता येत नाई," जागेश्वर म्हणाला. मग म्हणाला, "चाल गा. तुले न्यायले आलो. लहान असो, मोठं असो, दोघं जाऊ. अर्धं अर्धं."

एक ट्रक आला. भय्याजीनं जाऊन फाटक उघडलं, नंबर टिपला, फाटक लावून परत आला. फाटकाची कडी लटपटत होती.

"याचा स्क्रू निंगते सारखा," तो म्हणाला. "दे तुही जवायाची."

जागेश्वरनं कमरेची पक्कड दिली. भय्याजीनं बरोबर पेचकस उघडला, स्क्रू घट्ट केला, कडी हलवून पाहिली. पक्की बसली होती. "चांगली हाये गा ही," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

"ठेव तुह्याजवर. तुह्या कामाची हाये."

"नोको. जवायाचं देल्लेलं कोनाले देऊ नाई."

त्यानं ती मिटून जागेश्वरच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "तू आला, बरं वाटलं. मी राग धरला नाई, जागेसर. पन आता मी आलो तं काय होईन? सकारी दारात बसन आन तू दिसला नाई तं मले वाटन, कोनाचं काम असन, मले सांगतलं नाई. तू तलावावर गेला असशीन तरी वाटन. तसं मले आधी वाटत नोहतं. अठी बरं हाये. अठी मी एकटाच हावो, हे मले माहीत हाये."

"आन थैली?"

"ने. म्या देल्ली ना तुले."

जागेश्वर शेवटच्या बसच्या आधी परतला.

त्या वर्षी दसऱ्याची पाळी जागेश्वरच्या घराची होती. सत्यभामाबाईनं ओसरी सारवली. जागेश्वरनं मात्र सब्बल, फावडं, ओळंबा, चरखी आणि थैली सगळं उचललं आणि दोन घरं सोडून रुखमाच्या ओसरीत नेऊन मांडलं. "मागची पाळी राह्यली होती," तो म्हणाला. रुखमानं पाणी आणलं. सत्यभामाबाईही मागून आली. दोघींनी हत्यारं धुतली. पूजा झाली. भय्याजीला सुट्टी मिळाली नव्हती.

उठताना जागेश्वरनं आपलं अर्धं घेतलं. थैली भिंतीशी तशीच होती.

"हे राह्यलं, भाऊ," रुखमा म्हणाली.

"ते अठचंच हाये."

तेव्हापासून थैली तिथं खुंटीला आहे. घडीची पक्कड जागेश्वर अजून कमरेला लावतो. पंप, बॅटरी, पोती, बैलाचा काटा, एवढ्यासाठी तिचा उपयोग करतो. तारेला लावत नाही. मनिष आला की विचारतो, "मामाजी, चालते ना बरोबर?" जागेश्वर सांगतो, चालते.

मागच्या महिन्यात खेमराज आला होता. त्याला तलावाकडची बाजू नव्यानं करायची होती. तारेचा गुंडाळा घरी येऊन पडला होता.

"होत नाई," जागेश्वर म्हणाला. "अर्धं सामान भय्याजीच्या घरी हाये."

"घरी म्हंजे? दोन घरं सोडून! रुखमाबाईले मांगतलं तं आता देईन. मी आनू का?"

"नोको."

"मंग कवा करतेस?"

"तो आल्यावर."

खेमराजनं गल्लीत वाकून भय्याजीच्या दाराकडे पाहिलं. रुखमा बाहेर धान वाळवत होती. मग तो झटका मशीनची चौकशी करायला साकोलीला गेला.